तारेवरचा बाण

२००८ साली डेनॉन या नामवंत जपानी कंपनीची एक केबल जगभर गाजली. नाव एके-डीएल१. लांबी दीड मीटर, किंमत ४९९ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने वीस हजारांच्या घरात. दोन्ही टोकांना आपल्या राउटरच्या मागे असतो तोच आठ पिनांचा प्लग आणि केबलवर सिग्नलची दिशा दाखवणारा बाण. ही केबल घरच्या नेटवर्कसाठी नव्हती; डेनॉनचा डिस्क प्लेअर डेनॉनच्याच ॲम्पला जोडण्यासाठी होती, हे सांगायलाच हवं. लोकांनी तिची यथेच्छ खिल्ली उडवली. पण बाजार थांबला नाही. पुढे घरच्या नेटवर्कसाठीही अशा केबल्स आल्या: कापडी वेष्टन, चांदीची तार, सोनेरी प्लग आणि पुन्हा तो बाण. आज राउटरपासून स्ट्रीमरपर्यंतच्या, म्हणजे नेटवरून गाणी वाजवणाऱ्या यंत्रापर्यंतच्या, शेवटच्या दीड मीटरसाठी लोक हजारो रुपये मोजतात, कारण त्यांना सांगितलं जातं की त्यामुळे गाणं खुलतं.

गाणं खुलत नाही. जराही नाही.

आधी तो बाणच घ्या. गिगाबिट इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. या चारही जोड्यांतून एकाच वेळी दोन्ही दिशांनी माहिती वाहत असते. स्ट्रीमर राउटरला काहीतरी विचारतोय, राउटर उत्तर देतोय, दोघांचं बोलणं एकाच तारेवर चाललंय. अशा तारेवर एका दिशेचा बाण छापणाऱ्याला ती तार काय काम करते हेच माहीत नाही, किंवा माहीत असून तो तुम्हाला सांगत नाही.

आता घरी एक गोष्ट करून बघा. त्यासाठी ना यंत्र लागतं, ना कोणाचा सल्ला. एखादी विलंबित बंदिश लावा. दोन-तीन मिनिटं ऐका. मग स्ट्रीमरच्या मागची लॅन केबल हळूच काढा. प्लगची छोटी पट्टी दाबायची, कट् असा आवाज होतो, पोर्टवरचा हिरवा दिवा विझतो. आणि गाणं चालूच राहतं. तानपुऱ्याची जवारी तशीच, ठेका तसाच, सूर तिथेच. यंत्रानुसार काही सेकंद, काही यंत्रांत तर अख्खं गाणं संपेपर्यंत. गाणं चालू असतानाच केबल परत लावा. आवाजात कुठेही सांधा दिसत नाही.

कारण तुम्ही ऐकत होता ते गाणं केबलमधून त्या क्षणी येतच नव्हतं. ते आधीच येऊन यंत्राच्या मेमरीत बसलं होतं. तिथून डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, स्वतःच्या क्वार्ट्झच्या ठोक्यावर एकेक आकडा उचलत होती. सीडीच्या दर्जाचं संगीत असेल तर सेकंदाला ४४,१०० वेळा. हा ठोका राउटर देत नाही आणि केबलही देत नाही. ज्या केबलने आलाप मोकळा होतो म्हणतात, ती फरशीवर पडलेली असताना आलाप तेवढाच मोकळा असतो.

यावर कोणी म्हणेल, मेमरीत आलं ते तरी वाईट केबलमुळे थोडं बिघडून आलं असेल ना? नाही. इथरनेटवर माहिती एकसंध धारेने येत नाही, तुकड्यातुकड्यांनी येते. एका तुकड्यात जास्तीत जास्त १५०० बाइट मजकूर आणि शेवटी ३२ बिटांची पडताळणीची बेरीज. पोचलेल्या तुकड्याची बेरीज पुन्हा केली जाते. वाटेत एक बिट जरी उलटला असेल तरी बेरीज जुळत नाही आणि तो तुकडा तिथल्या तिथे फेकला जातो. मग वरच्या पातळीवरचं टीसीपी तो तुकडा परत मागवतं आणि पूर्ण, बरोबर आला की मगच पुढे सोडतं. थोडा फिका, थोडा कोरडा, खर्जात कमी पडलेला असा तुकडाच या व्यवस्थेत असू शकत नाही. तो एकतर तंतोतंत येतो, नाहीतर येतच नाही. आणि बरेच तुकडे आले नाहीत तर गाणं थांबतं, अडखळतं. ‘उबदार’ होत नाही.

चुका होतात तरी किती? गिगाबिट इथरनेटच्या मानकाने १००० कोटी बिटांमागे एक चूक चालवून घेतली आहे. सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला सुमारे १४ लाख बिट लागतात. म्हणजे मानकाच्या अगदी काठावर असलेल्या केबलवरही साधारण दोन तासांच्या संगीतात एखादा बिट चुकेल, आणि तोही पकडला जाऊन दुरुस्त होईल. साध्या, धड केबलवर तेवढंही होत नाही.

क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्येच सिद्ध करून ठेवलं होतं की मार्ग कितीही गोंगाटाचा असो, ठरावीक वेगमर्यादेच्या आत राहिलं तर निरोप हवा तितका बिनचूक पोचवता येतो. मला हा मानवी बुद्धीचा फार मोठा विजय वाटतो, आणि त्याचा पुरावा आपल्याला जवळचा आहे. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉएजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून अंतराळात गेली. त्यातलं व्हॉएजर २ जानेवारी १९८६ मध्ये युरेनसजवळून गेलं. तिथून पृथ्वी जवळजवळ ३०० कोटी किलोमीटर दूर. यानाचा ट्रान्समीटर वीसेक वॅटचा. एवढ्या अंतरावरून पोचणारा सिग्नल इतका क्षीण होता की त्यातून काही हाती लागावं हेच नवल. पण रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेल्या दुरुस्तीच्या पद्धतीमुळे युरेनसची छायाचित्रं स्वच्छ उतरली. सीडीवरचा ओरखडा ऐकू येत नाही तोही याच पद्धतीमुळे. हे सगळं माणसाने साधलेलं असताना तुमच्या टीव्हीच्या कपाटामागच्या दीड मीटरमध्ये संगीत हरवतं असं तुम्हाला सांगितलं जातंय, आणि त्यावर उपाय म्हणून चांदी विकली जातेय.

शिवाय त्या दीड मीटरआधी काय आहे ते गच्चीवर जाऊन बघा. तुमचं गाणं शेकडो किलोमीटर, कधी समुद्राच्या तळावरून आलेल्या फायबरमधून प्रवास करतं. मुंबईच्या किनाऱ्यावर असल्या समुद्री केबल्स वर येतात. मग नेटवाल्याची काळी वायर आंब्याच्या फांदीवरून, विजेच्या खांबावरून, शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला वळसा घालून तुमच्या खिडकीच्या भोकातून आत येते. जोडलेल्या ठिकाणी टेप गुंडाळलेली असते. तिथपर्यंत गाण्याला काही झालेलं नसतं.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. जाणकार लोक म्हणतात, बिट बरोबर येतात हे मान्य. पण तांब्याच्या तारेवरून बिटांसोबत विजेचा गोंगाटही येतो. राउटरच्या स्वस्त ॲडॉप्टरचा गोंगाट तारेवरून स्ट्रीमरमध्ये आणि तिथून डॅकच्या नाजूक भागात शिरतो. तत्त्व म्हणून हे खोटं नाही. पण इथरनेट आखणाऱ्यांनी ते आधीच ध्यानात घेतलं आहे. प्रत्येक लॅन पोर्टच्या आत बोटाच्या पेरापेक्षा लहान ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल त्यांतून चुंबकीय क्षेत्राने पलीकडे जातो. दोन यंत्रांमध्ये धातूचा थेट सांधाच नसतो. हा अडसर १५०० व्होल्टला टिकला पाहिजे असा नियम आहे. साधी, शिल्ड नसलेली केबल हा अडसर शाबूत ठेवते. उलट जाळीचं शिल्ड आणि धातूचे प्लग असलेली केबल दोन यंत्रांची धातूची अंगं एकमेकांना जोडते, आणि घरातलं अर्थिंग धड नसेल तर त्यातूनच घुं असा आवाज येऊ शकतो. म्हणजे महाग केबलने आवाज बदललाच, तर तो बिघडण्याची शक्यता जास्त. तरीही शंका उरत असेल तर वायफायवर ऐका. तिथे केबलच नाही. किंवा मध्ये फायबरचा एक तुकडा टाका. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही उपाय त्या चांदीच्या तारेपेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

आणि ज्यांचं पोटच आवाजावर आहे ते लोक काय वापरतात? मोठी नाट्यगृहं, स्टेडियम, स्टुडिओ, दूरदर्शन केंद्रं यांच्यासाठी ऑडिनेट या ऑस्ट्रेलियन कंपनीची डांटे नावाची पद्धत जगभर वापरात आहे. एका गिगाबिट तारेवर दोन्ही दिशांना शेकडो चॅनेल. माइकपासून मिक्सरपर्यंत काही मिलिसेकंदांत आवाज पोचला पाहिजे, त्यामुळे चुकलेला तुकडा परत मागवायला तिथे सवडच नसते. ही मंडळी साधी कॅट-५ई किंवा कॅट-६ केबल वापरतात. फक्त पायाखाली येऊन तुटू नये म्हणून तिचं आवरण आणि प्लग दणकट घेतात.

२०१५ साली लास व्हेगासमध्ये आर्स टेक्निका या तंत्रज्ञानविषयक प्रकाशनाने चमत्कारांचे दावे तपासणाऱ्या जेम्स रँडी यांच्या संस्थेसोबत जाहीर चाचणी घेतली. एकीकडे तीनशे डॉलरच्या वरची इथरनेट केबल, दुसरीकडे काही डॉलरची साधी. कोणती चालू आहे हे ऐकणाऱ्यांना सांगितलं नाही. त्यांना ती ओळखता आली नाही.

तरीही लोकांना फरक ऐकू येतो. ते खोटं बोलत नाहीत, हे मला ठामपणे म्हणायचंय. ऐकणं कानात संपत नाही. लक्ष देऊन दुसऱ्यांदा ऐकलं की पहिल्यांदा निसटलेली मींड सापडते, आणि तिचं श्रेय मध्ये जे बदललं त्याला जातं. आवाज किंचित मोठा असला तर तो मोठा न वाटता जास्त चांगला वाटतो. पैसे मोजलेले असले तर मनही तेच शोधत बसतं. हे तुम्हा-आम्हा सगळ्यांचं होतं, गायकांचंही होतं.

मला राग येतो तो या मानवी स्वभावाचा धंदा करणाऱ्यांचा. एका शोरूममध्ये मला असा प्रयोग दाखवला गेला. पाठीला उंच टेकू असलेली खुर्ची, मंद दिवे, समोर माणसाच्या उंचीचे स्पीकर. आधी साध्या केबलवर द्रुत बंदिश. मग विक्रेत्याने मखमली पेटीतून दुसरी केबल काढली, दोन्ही हातांनी धरून लावली आणि म्हणाला, “आता तबल्याची चाट ऐका मॅडम. स्टेज कसं उघडतं बघा.” चाट खरोखर जास्त टणक वाटली. ॲम्पच्या पडद्यावर मघाशी ४१ आकडा होता. आता ४३ होता. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. रिमोट हातात असतो, बोट लागतं. मी आकडा पुन्हा ४१ वर आणायला सांगितला आणि बंदिश परत ऐकली. फरक गेला होता. तसं मी सांगितलं. त्यावर उत्तर आलं, “ऐकून ऐकून कान तयार होतात मॅडम. सुरुवातीला नाही कळत.”

हे वाक्य मला सहन होत नाही. आपल्याकडे गाणं ऐकण्याला गुरुमुखाची, मैफलीची, रात्र-रात्र जागून ऐकण्याची परंपरा आहे. कान तयार होणं हा शब्दप्रयोग तिथला आहे. आयुष्यभर तानपुरा जुळवताना ऐकलेल्या माणसाला केबलच्या नावाखाली ‘तुमचे कान कच्चे’ म्हणायचं आणि त्या शरमेतून खिसा मोकळा करून घ्यायचा, ही सरळसरळ दमदाटी आहे. फरक ऐकू आला नाही असं म्हणणारा माणूस तिथे एकटा पडतो. म्हणून बरेच जण गप्प बसतात, मान डोलावतात आणि कार्ड पुढे करतात.

गप्प बसायचं कारण नाही. कान तपासता येतात, आणि केबलही. घरातल्या कोणाला तरी स्ट्रीमरच्या मागे बसवा. दर वेळी नाणं उडवायचं: छापा आला तर महाग केबल, काटा आला तर साधी. केबल न बदलायची असेल तरी काढून परत लावायची, म्हणजे आवाजावरून अंदाज येणार नाही. आवाजाचा आकडा हलवायचा नाही. तुमच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही. तुम्ही फक्त कोणती केबल आहे ते कागदावर लिहायचं. असं सोळा वेळा. नुसत्या अंदाजाने सोळांपैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. बारा जमले तर पुन्हा सोळा घ्या, आणि पुन्हा जमले तर तुमच्या घरात खरोखर काहीतरी आहे. तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या.

केबल खराब असूच शकत नाही असं मात्र समजू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असो की पुण्याच्या तपकीर गल्लीत, कॅट-६ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त केबल्समध्ये तांबं नसतं. ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा मुलामा असतो. अशा तारेचा रोध जास्त, दोन-चारदा वाकवली की तुटते. एखादी जोडी तुटली की गिगाबिटची लाइन १०० मेगाबिटवर घसरू शकते, कारण त्याला दोनच जोड्या पुरतात. आणि गंमत अशी की तेवढंही संगीताला भरपूर आहे: २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ अशा भारदस्त स्टिरिओ फाइललाही साडेनऊ मेगाबिटपेक्षा कमी लागतात. तेव्हा विकत घेताना एवढंच विचारा: पूर्ण तांब्याची आहे का, प्लग नीट क्रिम्प केलाय का, पट्टी तुटकी नाही ना. काहीशे रुपयांत काम होतं.

मग पैसे कुठे घालायचे? खोलीत. आवाज खरोखर तिथे घडतो किंवा बिघडतो, आणि शोरूममध्ये याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कोणालाच समजेना. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला ते सुधारायला सांगितलं. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनच्या नळीने सूर काढायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचा. सकाळच्या आत गाद्या जागेवर. त्या रात्रींमधून जे सूत्र निघालं ते आजही वापरलं जातं.

तेच सूत्र आपल्या फ्लॅटच्या हॉलला लावून बघा. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच. खाली व्हिट्रिफाइड टाइल, चारही बाजूंना गुळगुळीत प्लास्टरची भिंत. रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर आवाज विरायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. द्रुत तानेत त्या वेळात गायक कुठल्या कुठे पोचलेला असतो. मागचे सूर पुढच्या सुरांवर चढून सगळा काला होतो. आता खाली जाड सतरंजी घाला, खिडकीला दुपदरी पडदे लावा, सोफा आणि पुस्तकांचं कपाट आणा, दोन माणसं बसवा. तोच वेळ पाऊण सेकंदाच्या आसपास येतो. हा फरक ओळखायला कान तयार असावे लागत नाहीत. दारातून आत येणारं लहान मूलही सांगेल. पुढे स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढा, डग्ग्याचा घुमारा आवरतो. ऐकताना पंख्याचा वेग एकाने कमी करा. यातल्या कशालाही मखमली पेटी लागत नाही. सतरंजी तर बहुतेकांच्या माळ्यावर पडूनच असते.

आणि तरीही कोणाला ती केबल घ्यायचीच असेल, तर आपल्या पैशाची राखण करायला कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. शोरूममध्ये तोंडी सांगितलेलं स्टेज, सुरांची खोली, ऊब हे सगळं बिलावर लिहून मागा: या केबलने साध्या केबलपेक्षा आवाज ओळखू येईल इतका सुधारतो, खाली सही-शिक्का. लिहून दिलं नाही तर केबल तिथेच ठेवून निघा. दिलं, आणि घरी सोळांपैकी बारा जमले नाहीत, तर आधी पैसे परत मागा. नाही म्हणाले तर बिल समोर ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा.